मनीषाच्या हनुवटीवरचे केस

३ फेब्रुवारी

ती सकाळ आठवते. पाणी भरून झालं होतं. कोंबड्या सोडल्या होत्या. अंगणात सुके बोंबील पसरून मांजरामुळे वर जुनी मच्छरदाणी टाकली होती. तांदळाच्या सहा भाकऱ्या थापल्या, त्यातल्या दोन दीपकच्या डब्यात गेल्या. तो फर्स्ट शिफ्टला निघून गेल्यावर मी सुनेला म्हटलं, मनीषा, बस इथे दाराशी. डॉक्टरकडे जायचं तर चेहरा नीट हवा.

चुलीतली राख तिच्या हनुवटीला चोळली, दोरा दातात धरला आणि एकेक करून सगळे केस काढले. ओठावरचे, कानाच्या पुढचेही. पावडर लावली. छान दिसली पोरगी.

डॉक्टरांनी विचारलं, चेहऱ्यावर केस वगैरे येतात का? मनीषाने माझ्याकडे बघितलं. मीच उत्तर दिलं. "थोडे तर सगळ्यांनाच असतात."

त्याला दोन वर्षं झाली. पाळी येत नव्हती म्हणून गेलो होतो. पीसीओडी म्हणाले, गोळ्या दिल्या. पुढे जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा आदल्या दिवशी मी दोरा काढला.

आज ऑपरेशनला एकवीस दिवस झाले. डाव्या बाजूचा बीजकोश गाठीसकट काढला, नळीही. उजवा ठेवला, पिशवी ठेवली. ती आत झोपली आहे. ही डायरी दीपकला कंपनीत मिळाली होती, कोरीच होती. दोऱ्याचं कोणाला सांगितलेलं नाही. म्हणून लिहिते.

९ फेब्रुवारी

रिपोर्ट वाचायला घेतला. अक्षरं मुंगीएवढी. ह्यांचं भिंग काढलं, दागिन्यांच्या पोलादी डाय, म्हणजे ठसे, कोरताना डोळ्याला लावायचे ते. हे गेल्यापासून चार वर्षं कपाटात होतं. अजून त्याला पोलादाचा वास येतो की मलाच येतो?

शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी मी दीपकच्या पुस्तकांवरून शिकले, तो झोपल्यावर. डिक्शनरी घेऊन बसले की एका ओळीला अर्धा तास लागतो. पण मला घाई कसली.

गाठीचं नाव जोडनाव आहे. डिक्शनरीत नाही. दीपकने मोबाइलवर बघितलं, म्हणाला दोन परदेशी डॉक्टरांची आडनावं आहेत. त्यांनी त्या पेशी पहिल्यांदा बघितल्या. त्या पेशी पुरुषाच्या अंगात असतात, पुरुषाचं हार्मोन बनवतात. मनीषाच्या बीजकोशात त्या कशा आल्या? मधमाशी दुसऱ्याच्या घरात पोळं करते तसं? की मुळातच आत होत्या?

"स्टेज वन." हे मला समजलं. फुटलेली नव्हती. "रेअर" म्हणजे विरळा. हा शब्द चार ठिकाणी आहे.

११ फेब्रुवारी

कळलं कसं, ते लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

बोईसरला नवीन डॉक्टरबाई आल्या होत्या. मनीषाने नंबर लावायला फोन केला. डॉक्टरबाईंनीच उचलला. त्या म्हणाल्या, "भाऊ, पेशंटचं नाव सांगा." ही म्हणाली, मनीषा. "वय?" सव्वीस. "बरं, जरा त्यांनाच फोन द्या ना." ही म्हणाली, "मीच पेशंट हाय."

मग, "आवाज असा कधीपासून आहे?" वर्ष झालं. "उद्या नको. आजच या."

त्या दिवशी दोरा काढायला वेळ मिळाला नाही. बाईंनी हनुवटी बघितली, दंड बघितले, रक्त काढायला पाठवलं. पुरुषाचं हार्मोन वरपर्यंत गेलेलं. मग सोनोग्राफी, मग मुंबई.

आमच्या घरात आम्ही तिघं तो आवाज रोज ऐकत होतो. हळूहळू जाड होत गेला. रोज बघितलं की वाढलेलं गवत दिसत नाही.

२१ फेब्रुवारी

आज. एकोणचाळिसावा दिवस.

मनीषा न्हाणीतून हाक मारून म्हणाली, "आई, आली." मी मागच्या दारात उभी होते, कोण आली म्हणून पुढच्या दारात जाऊन बघितलं. मग समजलं.

अडीच वर्षांनी. आपणहून, गोळीशिवाय. गाठ गेली आणि उजवा बीजकोश कामाला लागला. म्हणजे तो इतके दिवस तिथेच होता, फक्त गप्प होता.

काहीतरी गोड करावं वाटलं. पण पाळी आली म्हणून सुनेला शिरा करणारी सासू गावात दुसरी नसेल. केला. दीपकने विचारलं, कसला शिरा? दोघी हसत सुटलो. त्याला कळलं तेव्हा ताट घेऊन बाहेर जाऊन बसला.

४ मार्च

बोईसर. डॉक्टरबाईंना विचारायचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेले होते. बाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही परीक्षा घ्यायला आलात." मी आजी नाही अजून, तेच तर विचारायला आले आहे, असं मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून बसल्या.

मूल होईल? होऊ शकतं. एक बीजकोश पुरतो, एक नळी पुरते, पिशवी चांगली आहे, वय लहान आहे. नक्की का? नक्की कोणालाच सांगत नाही.

ही गाठ परत येते? येऊ शकते. लवकर सापडून काढलेली बहुतेक वेळा येत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त. वर्षभर थांबा, सगळं ठीक राहिलं तर मग प्रयत्न करा.

तुम्ही अशा किती बघितल्या? "ही माझी दुसरी." मला ते आवडलं. खोटं बोलल्या असत्या तर मला कळलंही नसतं.

कारखान्यांच्या हवेने झालं का? माहीत नाही, असं कोणी दाखवून दिलेलं मी वाचलेलं नाही, म्हणाल्या.

आवाज? केस कमी होतील, पाळी राहील, पण आवाजाच्या तारा एकदा जाड झाल्या की बहुधा तशाच राहतात. मनीषा खाली बघत होती. तिला मुलाच्या उत्तरापेक्षा हे जास्त लागलं. लग्नाआधी तिचा आवाज ऐकूनच तर आम्ही विचारलं होतं. सफाळ्याजवळच्या लग्नात हळदीला गात होती.

शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर होता, विचारला नाही. "केस काढले नसते तर लवकर कळलं असतं का?"

२० एप्रिल

गल्लीत हळद. कमळवहिनी गाणाऱ्यांची म्होरकी, स्वतः बोलवायला आली. मनीषा म्हणाली, नको. कमळवहिनी कसली ऐकते. "घसा बसलाय ना? बसू दे. मांडवात काय तुला उभं राहून गायचं हाय?"

गावात आम्ही अपेंडिक्स सांगितलं आहे.

मांडवात मी मागे बसले, विधवांच्या रांगेत. कोणी बसवत नाही आता, आपणच बसतो. मनीषाने पहिली ओळ धरली आणि पोरी फिदीफिदी हसल्या. एकीने मागून म्हटलं, "बाप्या कोण गातोय गं?" माझे कान तापले. मनीषा थांबली. मग तीच ओळ परत घेतली, आणखी खालून, मुद्दाम.

कमळवहिनीने तोच सूर धरला. मग बाकीच्या म्हाताऱ्यांनी. दोन गाणी झाल्यावर कमळवहिनी पदराने वारा घेत म्हणाली, "बरं झालं बाय. तुझ्या मागं वर चढून चढून आमचा जीव जायचा. आता आमाला पण गाता येतं."

घरी येताना मनीषा भराभर पुढे चालत होती. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "आई, ती पोरगी कोणाची होती? बाप्या म्हणाली ती?" मी नाव सांगितलं. "तिच्या हळदीला जाते की नाय बघा," म्हणाली. आवाज गेला, तोंड गेलेलं नाही.

ओटीत नारळ आला होता. कोपऱ्यात ठेवून दिला तिने.

१३ जून

दुसरं रक्त ठीक. हार्मोन बायकांच्या मापात.

आज कळलं की बायकांच्या अंगातही पुरुषाचं हार्मोन थोडं असतंच. आणि पुरुषांत बायकांचं. पन्नाशी ओलांडली, एक नवरा, एक मुलगा, आणि हे आज कळतंय. बीजकोश आणि वृषण पोटातल्या गर्भात सुरुवातीला एकसारखेच असतात, मग वाटा फुटतात. म्हणजे त्या पेशी परक्या घरात आल्या नव्हत्या. घर एकच होतं.

ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, डाय तीच, ठोका वेगळा.

केस खूप कमी झाले आहेत. तरी मनीषा राख घेऊन आली, मी दोरा काढला. हाताला सवय आहे. काढताना वाटलं, थांबावं. थांबले नाही.

२ सप्टेंबर

दीपकशी भांडण. माझं नाही, त्या दोघांचं, पण भिंत पातळ.

तिला मूल हवंय. तो म्हणतो घाई नको. ती म्हणाली, "तुमाला नकोच हाय." तो म्हणाला, "मला तू पायजे. पोराच्या नादात परत ते काय उगवलं तर?" मग तिचं, "आणि नाय उगवलं तर?"

सकाळी दोघंही माझ्याशी जास्तच गोड बोलत होते. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मूल पोटात असलं म्हणून गाठ परत येते का? नवीन प्रश्न. चिठ्ठीवर लिहिला.

१४ जानेवारी

काल वर्ष झालं. आज सण, तरी बोईसरला गेलो. डॉक्टरबाईंना तिळगूळ दिला.

सगळं ठीक. सोनोग्राफीत उजवा बीजकोश दिसला, त्यात ह्या महिन्याची बीजं तयार होताना दाखवली बाईंनी. काळे गोल. मुगाएवढे. "प्रयत्न करायला हरकत नाही." दीपकने माझा प्रश्न माझ्याआधीच विचारला. बाई म्हणाल्या, गरोदरपणामुळे गाठ परत येते असं दिसलेलं नाही, पण तपासण्या चालू ठेवू.

ती दोघं बाहेर गेल्यावर मी मागे राहिले. उभ्याउभ्याच सांगितलं. दोरा, राख, "थोडे तर सगळ्यांनाच असतात". बाईंनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं म्हणतील, नाही हो आजी, तुमची चूक नाही.

त्या म्हणाल्या, "हो, कदाचित लवकर कळलं असतं. आवाज वाचला असता, कदाचित. विचारणाऱ्यानेही आणखी विचारायला हवं होतं. आता एक करा. इथून पुढे काढू नका. काही आलं तर तसंच मला दाखवायला आणा."

कदाचित दोनदा म्हणाल्या. रिक्षात मी ते मोजत बसले.

घरी आल्यावर मनीषालाही सांगितलं. ती मेथी निवडत होती. "त्यात सांगायचं काय? मी काय तिथं नव्हते? मला पण तोंड होतं. मी बोलले का?" काड्या उचलून फेकल्या. "लाज काय तुमची एकटीची होती?" आणि थोड्या वेळाने, "तुमी डोकं मांडीवर घ्यायचा ना दोरा काढताना. तेवढंच बरं वाटायचं मला."

मी मेथी निवडायला बसले. दोघींनी मिळून नको तेवढी निवडली.

११ फेब्रुवारी

आली. वेळेवर.

१२ मार्च

आली. एक दिवस उशिरा. त्या एका दिवसात दीपक दोनदा घरी फोन करून "काय चाललंय" विचारत होता. तो कधी फोन करत नाही.

मागच्या वर्षी आली म्हणून शिरा केला होता. आता आली की घर गप्प. एकाच गोष्टीची किती तोंडं.

चिकूला यंदा बहर बरा. कुंपणाजवळच्या झाडाची अर्धी बाजू वीज पडून गेली होती, त्यालाही आहे. असल्या गोष्टी मी मनीषाला बोलून दाखवत नाही. ती झाड नाही.

१० एप्रिल

आली.

कमळवहिनीने विचारलं, "अपेंडिक्स काढल्यावर पोर व्हायला एवढा टाइम लागतो का गं?" मी म्हटलं, अपेंडिक्स नव्हतं. गाठ होती, बीजकोशाची. सांगून टाकलं. ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "मला वाटलंच. अपेंडिक्सला आवाज नाय जात." सगळ्यांना वाटलंच होतं तर. आम्ही कोणापासून लपवत होतो?

१४ मे

पाच दिवस वर. दीपकने मेडिकलमधून तपासायची पट्टी आणली, पेपरात गुंडाळून, मच्छी आणल्यासारखी.

१५ मे

सकाळी पट्टी. एक रेघ. एकच.

मनीषा म्हणाली, "लवकर असंल." मीही हो म्हटलं. पण मी रिपोर्ट वाचलेली बाई आहे, हीच अडचण. पाळी थांबण्याचं कारण दुसऱ्या घरात एक असतं. आमच्यात दोन. पहिल्या वेळीही अशीच थांबली होती.

तिलाही ठाऊक आहे. दुपारी आरशासमोर उभी होती, मी आल्यावर केस विंचरायला लागली.

१८ मे

नववा दिवस. दुसरी पट्टी. एक रेघ, आणि शेजारी काहीतरी आहे की नाही असं. दीपक म्हणतो आहे. मनीषा म्हणते नाही. मी भिंग लावून बघितलं. आहे म्हटलं तर आहे, आणि मला ती असावी असं इतकं वाटतंय की माझ्या डोळ्यावर माझाच विश्वास नाही.

डॉक्टरबाईंना फोन केला. मनीषाच बोलली. त्यांनी आवाज ओळखला, पहिल्या शब्दालाच. उद्या या, रक्त काढू, दोन्हींसाठी, म्हणाल्या. पट्टीवर भरवसा ठेवू नका.

चार वाजता मनीषा मागच्या दारात स्टूल घेऊन आली. "आई, भिंग काढा."

हे म्हणायचे, आधी उजेड नीट कर, मग भिंग लाव. तिला पश्चिमेकडे तोंड करून बसवलं. हनुवटी वर धरली. डाव्या बाजूला तीन केस. दोन भुरे, एक काळा, गव्हाच्या दाण्याएवढा लांब.

"किती?"

तीन, म्हटलं.

"आधी किती होते?"

हे मला सांगता आलं नाही. लग्न होऊन आली तेव्हाही कदाचित तीन होते. माझ्या स्वतःच्या हनुवटीला पाच आहेत. पण तिचे मूळचे किती, ते आम्हा दोघींनाही माहीत नाही, कारण मी कधी राहूच दिले नाहीत. जानेवारीपासून दोरा लावला नाही, पण मोजलेही नाहीत. भीती वाटली.

ती थोडा वेळ तशीच बसली, मान वर करून. मग म्हणाली, "काढून टाका ना. उद्या एवढ्या लोकांत जायचंय. चांगलं नाय दिसत."

मी नाही म्हटलं.

"एक तो काळा तरी."

नाही.

चिडली. स्टूल तिथेच टाकून आत गेली. मग परत आली आणि पायरीवर माझ्या शेजारी बसली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. दोऱ्याशिवाय हात काय करतात ते त्यांना आधी कळेना.

१९ मे

पाणी भरलं. कोंबड्या सोडल्या. भाकऱ्या केल्या. दीपकने सुट्टी टाकली होती, त्याला म्हटलं तू पुढे जाऊन नंबर लाव.

मनीषाला दाराशी बसवून वेणी घातली. पावडर लावली नाही. हनुवटीला हात लावला नाही. भिंग पिशवीत टाकलं आणि सव्वानऊच्या शेअर रिक्षाने तिला बोईसरला घेऊन गेले.